खुर्ची इकडे घ्या

आइस्क्रीमच्या कारखान्याचं ते शीतगोदाम. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रचलेले व्हॅनिलाचे डबे, आणि मधल्या बोळात एक धडधाकट माणूस गुडघे टेकून तंबूच्या दाराची चेन लावत होता... उघडत होता... पुन्हा लावत होता.

दारातल्या जाड प्लॅस्टिकच्या झालरी बाजूला सारून दोघी बहिणींतली धाकटी आत आली आणि थबकली. आत कुणी असेल असं तिला वाटलंच नव्हतं. माणूस वेडा असला तरी निदान शांत वेडा आहे, अशी मनाची समजूत घालून ती दुसऱ्या टोकाला गेली. पालथ्या क्रेटवर बसून तिने जाडजूड हातमोजे चढवले आणि कापडी पिशव्यांवर मार्करने आकडे लिहायला लागली. एक पिशवी झाली, दुसरी झाली. तिसरीवर मार्करने मान टाकली.

तिने तो झटकला. त्याच्यावर फुंकर घातली. शेवटी क्रेटवर आपटला.

"मारू नका बिचाऱ्याला," मागून आवाज आला. "शाई गोठलीय."

"दिसतंय मला."

"पेन्सिल गोठत नाही."

त्याने कानामागची पेन्सिल काढून पुढे धरली. अर्धी झिजलेली, टोकाला दातांच्या खुणा. घ्यावी की नको, असं क्षणभर झालं तिला... पण घेतली. सुरसुर करत आकडा उमटला.

"आणि तुमचं मघापासून काय चाललंय?"

"चेन उघडतोय."

"तेही दिसतंय. पण का?"

"वारा सुटला की मोजे न काढता उघडता यायला हवी. मोजा काढला की बोटं गेलीच समजा." भाजी संपली म्हणावं इतक्या सहज तो म्हणाला. "आणि तुम्ही? डब्यांवर किमती घालताय?"

"दगडांच्या पिशव्यांवर नंबर घालतेय."

"आइस्क्रीममध्ये दगड! तरीच दात दुखतात माझे."

धाकटीला हसू आलं. हसण्याची पांढरी वाफ तोंडासमोर तरंगत राहिली, आणि ती उगीचच लाजली. इथे तर हसूसुद्धा लपवायची सोय नव्हती!

मग एकदमच दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. कडक थंडीत सामान पारखून बघायला या गोदामाची परवानगी एकाच संस्थेने काढली होती, आणि ती एकाच मोहिमेसाठी होती.

"म्हणजे तुम्ही त्या दगडबा..." त्याने जीभ चावली.

"दगडबाई. म्हणा, म्हणा. सगळी संस्था म्हणते. आणि तुम्ही तो वाटाड्या. सगळ्याला 'नाही' म्हणणारा!"

"नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

बाहेर आले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. उबदार हवा लागताच धाकटीचा चष्मा धुक्याने भरला. काही दिसेना. "पायरी आहे," शेजारून हलकेच आवाज आला. तिच्या कोपराजवळ एक हात आला. लागला नाही, नुसता जवळ राहिला... पायरी उतरेपर्यंत.

पेन्सिल परत द्यायची राहूनच गेली.

*

त्या दिवसापासून नकाशांच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर दोघांचं काम सुरू झालं. पुढच्या उन्हाळ्यात पृथ्वीच्या पार टोकाला, बर्फातून जेमतेम डोकी वर काढणाऱ्या डोंगरांमध्ये जायचं होतं. त्या डोंगरांच्या कुशीत एक काळा पट्टा होता, कधीकाळी बर्फाच्या पोटात थिजलेल्या लाव्हाचा. तो हाती लागला असता, तर जुन्या उबदार काळात तिथला बर्फ किती उरला होता हे कळलं असतं, आणि म्हणून पुढे किती उरेल याचाही अंदाज आला असता. धाकटीने कॉलेज संपल्यापासून या पट्ट्याचा ध्यास घेतला होता. पण आधी आराखडा समितीपुढे जायचा होता. विमान कुठे उतरेल, तंबू कुठे पडतील, घसरगाड्यांवर वजन किती, सगळं इथे बसून ठरवायचं. एक छावणी जरी धोक्याची ठरली, तरी मोहीम बारगळणार.

पहिल्याच दिवशी तिने आकाशातून घेतलेली चित्रं टेबलभर पसरली. तो समोरच्या खुर्चीत बसला, वाकून पाहू लागला आणि गोंधळला.

"डोंगर कुठायत यात? मला तर नुसते खड्डेच दिसतात."

"कारण तुम्ही उलट्या बाजूला बसलात," धाकटी खुलली. हा तिचा प्रांत. "आपल्या डोळ्यांना सवय असते, उजेड वरून येतो अशी. कागद उलटा धरला की उजेड खालून आल्यासारखा वाटतो, आणि मग डोंगराचा खड्डा होतो, खड्ड्याचा डोंगर. डोळे फसतात."

"आणि उपाय?"

"खुर्ची इकडे घ्या."

त्याने खुर्ची उचलून तिच्या शेजारी आणून ठेवली. बसला. डोंगर भसाभस वर आले.

"अरेच्चा!" तो म्हणाला. मग हळूच, चित्राकडे न पाहता... "इकडून फारच छान दिसतं."

धाकटीने पट्टी शोधायला मान खाली घातली. पट्टी तिच्या हातातच होती.

खुर्ची तिथेच राहिली. दिवसांमागून दिवस गेले. चहाचे कप आले आणि गेले. तो वजनांवर अडून बसायचा.

"दगडांची चौथी पेटी? नाही."

"अहो, रिकाम्या हाताने यायचं का तिथून?"

"रिकाम्या हाताने का होईना, पण यायचं. वाटाड्याचं काम वाट दाखवणं नसतं, दगडबाई. पुढे वाट नाही हे सांगणं असतं. तिथे मी 'नाही' म्हणालो की नाही. रडायचं नाही, रुसायचं नाही, समितीला पत्र लिहायचं नाही."

"आणि मी ऐकलं नाही तर?"

"तर तंबूची चेन बाहेरून लावेन. सराव केलाय मी, बघितलाय तुम्ही."

पण हळूहळू दगडाला पाझर फुटायला लागला. चौथी पेटी आराखड्यात आली. दुसऱ्या छावणीवर आणखी एक दिवस मिळाला. "एवढंच ना?" तो म्हणायचा आणि पेन्सिल चावायचा. आता नवी पेन्सिल, कारण जुनी तिच्या चष्म्याच्या घरात होती. धाकटीला वाटायचं, किती सहज मानतात हे माझं! ती मनातल्या मनात मोहरायची. आपण नेमकं काय जिंकतोय, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

*

घरी ताई होती, भावोजी होते आणि त्यांची पाच वर्षांची चिमणी होती. ताईचा स्वभाव काळजीचा. चिमणी दोनदा शिंकली की ताईच्या हातात थर्मामीटर. बर्फाचा विषय निघाला की ती नुसतं म्हणायची, "दुरून डोंगर साजरे हो!" आणि कपड्यांच्या घड्या जरा जास्तच जोरात घालायची.

एका रविवारी तो चिमणीला तंबू दाखवायला आला. दिवाणखान्यात तंबू उभा राहिला. चिमणी आत शिरली आणि बाहेर यायला तयार होईना.

"तुम्ही बर्फात राहता?"

"कधी कधी."

"मग तुम्ही बर्फोबा!" तिने जाहीर करून टाकलं. भावोजी खो-खो हसले. बर्फोबाचे कान लाल झाले.

ताई हसली नाही. ती पाहत होती. त्याने आपला कप धाकटीच्या कपाजवळ ठेवला तेही, आणि बिस्किटाचा मोठा तुकडा न बोलता तिच्या बशीत सरकवला तेही. धाकटी चिमणीला हात धुवायला घेऊन गेली, तशी ताईने सरळच विचारलं.

"तुमच्यावर भरवसा ठेवून पाठवतेय मी हिला. आई गेल्यापासून मीच वाढवलीय. हट्टी आहे. दगड दिसला की तिला पुढचं-मागचं दिसत नाही. तुम्ही तिला अडवाल ना?"

चहावर साय धरली तरी तो कपाकडेच बघत बसला.

"का हो? कठीण विचारलं का काही?"

"कठीण नाही, ताई," तो हळूच म्हणाला. "अगदी बरोबर विचारलंत."

धाकटी परत आली तेव्हा तो तंबू गुंडाळत होता. चिमणी भोकाड पसरून बसली होती.

*

दोन दिवसांनी सरांनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे मोहिमेचे प्रमुख. त्यांच्या टेबलावर खडकांचे इतके तुकडे असायचे की कप ठेवायला जागा मिळू नये.

"तुझ्या वाटाड्याने मोहिमेतून मोकळीक मागितलीय. दुसरा माणूस बघा म्हणतो. भांडलात की काय?"

"नाही... भांडण कसलं?"

"मग काय झालं?"

तेच तर तिलाही कळत नव्हतं. जिना उतरताना आधी तिला रडू आलं. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याचा राग झाला होता. म्हणजे चौथी पेटी, जास्तीचा दिवस, बिस्किटाचा तुकडा... सगळं काय, पळून जायच्या आधीची दयामाया?

दुसऱ्या दिवशी तो काम सोपवायला आला. धाकटीने टेबलावर चित्रं आधीच मांडून ठेवली होती. शेजारची खुर्चीही तिने उचलून पलीकडे, समोर नेऊन ठेवली होती. तो दारात थांबला. खुर्चीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने समोर जाऊन बसला. आज "खुर्ची इकडे घ्या" म्हणणारं कुणी नव्हतं.

"कारण सांगायचं नसेल तर नका सांगू," धाकटी म्हणाली. तिला कारण ऐकल्याशिवाय घास उतरणार नव्हता.

"सांगतो." त्याने पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली, सरळ केली, पुन्हा आडवी ठेवली. "चौथी पेटी न्यायला नको. मी हो म्हणालो. जास्तीचा दिवस द्यायला नको, हवा तेवढी थांबत नाही तिथे. मी त्यालाही हो म्हणालो. ताईंनी परवा विचारलं, तिला अडवाल ना? आणि मला हो म्हणता येईना. कारण..." तो अडखळला. "कारण मला तुला नाही म्हणताच येत नाही आता."

तुला. टेबलावरून एक कागद घरंगळून खाली पडला. कुणीच उचलला नाही.

"तू समोर उभी राहून 'एवढंच पुढे जाऊ' म्हणालीस, तर मी जाईन. आणि बर्फावर अशा वाटाड्याचा काही उपयोग नसतो. उलट त्याच्याइतका धोकादायक माणूस नाही. म्हणून..."

"म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या हवाली करून मोकळे!" ती बोलून गेली. राग कुठे गेला होता कोण जाणे, आवाज मात्र रागाचाच निघत होता. "कुणी शहाण्याने असं केलं असतं का? आवडते म्हणून... सोडून जायचं?"

"आवडतेस म्हणूनच."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. धाकटीने जे हाताशी होतं तेच पुढे ओढलं.

"निदान दुसरी छावणी तरी पक्की करून द्या. सोमवारी समिती आहे. इथे, या डोंगराच्या धारेच्या माथ्यावर. काळा पट्टा पायथ्याशीच आहे."

तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"धार कुठाय?"

"ही काय!"

"हा खड्डा आहे."

"खड्डा दिसणारच. समोर बसलात ना! विसरलात का, डोळे फसतात?"

"विसरलो नाही. इथून बाकीचे सगळे डोंगर मला खड्डेच दिसतायत. ते सवयीने कळतं आता. पण हा..." त्याने बोटाने त्या एका चित्राची कड पकडली. "शेजारच्या चित्रात हीच धार इथपर्यंत उठून दिसते, आणि या कागदावर आली की खड्डा होते. एका धारेला दोन तऱ्हा कशा? एक चित्र तुला फसवतंय. नाहीतर मला."

"मी वर्षभर बघतेय ही चित्रं!"

"म्हणून तर."

"तिथेच छावणी हवी. नाहीतर पट्टा हातचा जाईल. एवढं एकच ऐका माझं."

"नाही."

"अहो, पण..."

"नाही." त्याचा आवाज चढला नाही. फक्त रोवलेल्या खुंटीसारखा स्थिर झाला. "हे काय आहे ते कळल्याशिवाय इथे मी तंबू टाकणार नाही. तू रुसलीस तरी नाही. तू... कधीच बोलली नाहीस माझ्याशी, तरी नाही."

धाकटी ताडकन उठली. वाद मिटवायला तिने तो कागद उचलला आणि त्याच्यासमोर नाचवायला म्हणून गर्रकन फिरवला.

आणि तिच्या डोळ्यांदेखत डोंगर बुडाला.

जिथे माथा होता तिथे अरुंद, खोल घळ उघडली. तळाशी साचलेला भुसभुशीत बर्फ, आणि त्याच्यावर केसासारख्या बारीक रेघा. भेगा होत्या त्या. वर्षभर ती त्यांना माथ्यावरच्या वाऱ्याच्या खुणा समजत आली होती. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला खुर्चीला धरून उभं असताना कळलं. तिने कागदाच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली. बाकी सगळी चित्रं भरदुपारची. हे एकच मध्यरात्रीचं.

"तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही," ती पुटपुटली. "नुसता गोल फिरतो. मध्यरात्री तो पार दुसऱ्या बाजूला... उजेड खालून... मी सगळ्यांना शिकवते हे! आणि स्वतःच..."

तो केव्हाच उठून तिच्या बाजूला आला होता. "बस आधी. पाणी पी."

"आपण या घळीत झोपलो असतो."

"झोपलो नाही ना!"

ती पाणी प्यायली. तिने चष्मा पुसला. मग संशोधकाचे डोळे पुन्हा जागे झाले आणि कागदावर सरकत गेले. "थांबा... ही घळ असेल, तर मी जिला दरी समजत होते तीच खरी धार. आणि पट्टा तिच्या अंगावर, उघड्यावर! पुरलेला नाहीच! वाट लांबची आहे, पण..."

"लांबची चालेल. माथ्यावर दगड भक्कम दिसतोय. खुंट्या धरतील." पेन्सिल त्याच्या कानामागून हातात आली होती. "पण चौथी पेटी नाही."

"नाही?"

"नाही. आणि जास्तीचा दिवसही नाही."

धाकटी त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "येतंय की तुम्हाला! चांगलं तीनदा-चारदा म्हणालात. मी हट्ट केला, आवाज चढवला, तरी हलला नाहीत. आता सांगा सरांना, कोणत्या तोंडाने मोकळीक मागताय?"

तो थक्क होऊन उभा. स्वतःच्याच तोंडून काय निघालं ते त्याला आत्ता ऐकू आलं असावं. कान सावकाश लाल होत गेले.

"तुला राग नाही आला?"

"आला. उद्याही येईल. तिथे तर रोज येईल." तिने खाली पडलेला कागद उचलला, कारण कुठेतरी बघायला हवं होतं. "पण मला होयबा नकोय. माझ्यावर जीव असूनही मला नाही म्हणेल असा माणूस हवाय. असा एकच आहे. तोही पळून चाललाय."

"पळत नाहीये," तो म्हणाला. आणि खिडकीतून येणाऱ्या ओल्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेल्या तिच्या हातावर त्याने हात ठेवला. या वेळी लागला.

"मग एक विचारू?" धाकटीचा आवाज अगदी लहान झाला होता. "याला मात्र नाही म्हणायचं नाही."

"विचारायच्या आधीच हो."

"असं न बघता हो म्हणायचं नसतं, बर्फोबा. दोन्ही बाजूंनी बघून घ्यावं."

"बघितलं. समोरून बघितलं, शेजारून बघितलं." तो हसला. "कुठूनही तूच दिसतेस."

*

समितीने आराखडा मान्य केला. कामाचा एक नवा नियमही त्यात लिहिला गेला. प्रत्येक चित्र दोन माणसांनी, टेबलाच्या दोन बाजूंना बसून पाहायचं. सरांना तो फार आवडला. नियम सुचला कसा, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तो ताईकडे आला. जेवणाच्या टेबलाशी ताईच्या अगदी समोर बसला, परीक्षेला बसल्यासारखा.

"ताई, त्या रविवारी तुम्ही विचारलं होतंत. उत्तर राहिलं होतं. अडवेन मी तिला. जिथे अडवायचं तिथे अडवेन. आधी खात्री नव्हती. आता आहे."

"आणि ही ऐकेल?"

"भांडेन," धाकटी म्हणाली. "मग ऐकेन."

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. काळजी काही गेली नाही. ती तिच्या कपाळावर कायमची भाडेकरू होती. पण खांदे मात्र उतरले, कडेवरचं मूल झोपल्यावर आईचे उतरतात तसे. "मोजे लोकरीचे घ्यायचे," एवढंच ती म्हणाली, आणि चहा ओतायला लागली.

"बर्फोबा," चिमणी टेबलाखालून बाहेर आली, "मी काढलेला डोंगर बघा!"

तिने कागद टेबलावर ठेवला. समोरून बघत त्याने मान डावीकडे कलती केली, उजवीकडे केली.

"मला तर खड्डा दिसतोय, बुवा."

"अहो, तिकडून नाही!" चिमणी वैतागली. "मावशी, सांग ना यांना!"

धाकटीने शेजारची जागा मोकळी केली.

"खुर्ची इकडे घे," ती म्हणाली.

ताईचा हात क्षणभर थांबला. चहा कपातून बशीत सांडला. आणि काळजी करणारी ताई, त्या दिवसांत पहिल्यांदाच, सांडलेलं पुसायचं विसरून हसली.